नारळ, शहाळं आणि मेश्राम सिस्टर

मी सॉफ्टवेअर तपासायचो. म्हणजे दुसऱ्याने केलेल्या कामातल्या चुका शोधायच्या, त्या त्याला तोंडावर सांगायच्या आणि वर त्याबद्दल पगार घ्यायचा. आमच्या नारायण पेठेतल्या घराण्यात हे काम पिढ्यान्‌पिढ्या फुकट चालत आलेलं होतं. त्याचा पगार मिळवणारा मी पहिलाच. त्यामुळे आमच्या सोसायटीने मागच्या कोपऱ्यात लहान मुलांसाठी खेळायची जागा करायचं ठरवलं, तेव्हा ती सुरक्षित आहे की नाही हे बघायला माझ्याइतका लायक माणूस दुसरा नाही असं सभेतल्या प्रत्येकाला वाटत असणार, अशी माझी खात्री होती. मी उठलो, पुढच्या प्लॅस्टिकच्या खुर्चीच्या पाठीवर रुबाबात हात टेकवला आणि बोलायला सुरुवात केली.

मागून एका बाईंचा दणदणीत आवाज आला, "त्या खुर्चीवर भार नका देऊ जी. मागचा पाय चिरलाय तिचा."

कोण बोललं हे बघायला मी मान वळवली आणि खुर्चीसकट खाली गेलो.

मेश्राम सिस्टरांची आणि माझी ही पहिली ओळख. मी जमिनीवर होतो आणि त्या माझं मनगट दाबून बघत होत्या. "मोडलं नाही," त्या सभेकडे बघून म्हणाल्या, "चालू द्या तुमचं." सभा चालू झाली. माझं भाषण मात्र राहिलं ते राहिलंच.

आमची सोसायटी येरवड्याला होती. तेव्हा तिकडे भराभर इमारती उठत होत्या आणि माझ्यासारखे कर्ज काढून फ्लॅट घेणारे लोक भराभर त्यात शिरत होते. पेठेतल्या माझ्या काकांना मी पत्ता सांगितला, तेव्हा त्यांनी वर्तमानपत्रातून डोकं न काढता विचारलं, "येरवड्याला? आत की बाहेर?" आमच्या मजल्यावर सगळेच नवरा-बायको सकाळी कंपनीच्या बसने जायचे आणि दिवेलागणीनंतर परत यायचे. मुलं पाळणाघरातून आली की खाली पार्किंगमध्ये गाड्यांच्या मधून धावायची. तिथे एकदा एका स्कूटरचा आरसा आणि एका मुलाचं कपाळ यांची गाठ पडली, म्हणून ही बागेची सभा.

सिस्टर मूळच्या नागपूरच्या. सगळी नोकरी पुण्यातल्या एका सरकारी इस्पितळात, हाडांच्या वॉर्डात झाली होती, पण बोली नागपूरचीच राहिली. मुलांना त्या पोट्टे म्हणत, आणि मला 'इंजिनिअर' म्हणत. त्यात आदर किती आणि निदान किती, हे मला शेवटपर्यंत कळलं नाही. उंच, रुंद बांधा. आयुष्यभर पांढरं नेसून झालं म्हणून निवृत्तीनंतर गडद निळ्या, जांभळ्या, नाहीतर थेट कुंकवासारख्या लाल साड्या. पण घड्याळ अजूनही खांद्याजवळ पिनेने उलटं लावलेलं. हाताला घड्याळ बांधलेल्या माणसाचा हात कामाला उपयोगी नाही, असं त्यांचं मत होतं. त्या मुलाकडे राहायच्या. त्यांचा अमोल माझ्यासारखाच संगणकातला, पण माझ्यापेक्षा हुशार, म्हणजे चुका करणाऱ्यांपैकी.

त्यांना माणसं चेहऱ्याने आठवत नसत. एकदा त्यांच्याबरोबर मंडईत गेलो होतो, तर एक चांगला मिशीवाला, पोट सुटलेला गृहस्थ गर्दीतून वाट काढत आला आणि त्यांच्या पाया पडला. "सिस्टर, ओळखलं का?" सिस्टरांनी त्याला नीट न्याहाळलं. "नाही बाप्पा. हात वर कर." त्याने भर मंडईत मुकाट्याने हात वर केला. "हं. कोपर. चिंचेच्या झाडावरून पडला होतास, आणि चिंचा खिशातच होत्या." तो गृहस्थ इतका खूश झाला की त्याने हात खाली घ्यायचं विसरून जाऊन तसाच घरच्यांचा सगळा हालहवाल सांगितला.

मंडईत आम्ही गेलो होतो ते बागेच्याच कामाला. मी एव्हाना बागेचा एक जाडजूड आराखडा तयार केला होता. ऑफिसमध्ये जसा करतो तसाच, तक्ते बिक्ते घालून. सिस्टरांनी तो चष्मा लावून शेवटपर्यंत वाचला. त्याआधी माझं कुठलंही लिखाण कोणी शेवटपर्यंत वाचल्याचं मला आठवत नाही.

"यात 'वापरकर्ता' म्हणून कोणी आहे. तो कोण?"

"म्हणजे मूल."

"मग मूल लिहा नं. आणि हे मूल आहे कुठे यात? सगळा लोखंडाचाच हिशेब आहे."

मग त्यांनी मला त्यांची पद्धत सांगितली. लहान मुलाचं अंग बारीक आणि डोकं मोठं. ते पायाकडून कुठल्याही फटीतून सरकतं, आणि मग डोकं अडकून लोंबतं. म्हणून फट एक तर इतकी लहान पाहिजे की अंगच आत जाणार नाही, नाहीतर इतकी मोठी की डोकंही आरामात पार होईल. मधली फट वाईट. हे मोजायला त्यांनी दोन मापं ठरवली होती. अंगासाठी सोललेला नारळ आणि डोक्यासाठी मोठं शहाळं. "नारळ शिरला नाही, तर चांगलं. नारळ शिरला आणि शहाळंही शिरलं, तरी चांगलं. नारळ शिरला आणि शहाळं अडकलं, तर तोडा ते."

नारळवाला प्रत्येक नारळ कानाशी वाजवून दाखवत होता. "पाणी बघा बाई, काठोकाठ."

"पाणी नको. गोलाई पाहिजे."

त्याच्या गाड्यामागे त्याची छोटी मुलगी बसली होती. सिस्टरांनी तिच्या डोक्याभोवती ओंजळ धरली, मग तीच ओंजळ तशीच्या तशी उचलून एकेका शहाळ्यावर ठेवून पाहिली. नारळवाल्याने आपली मुलगी उचलून गाड्याच्या पलीकडे नेली आणि आमच्याकडे संशयाने बघत राहिला. मी त्याला समजावून सांगायला गेलो, "अहो, आम्हाला हिच्या डोक्याएवढं पाहिजे." त्याने त्यानंतर आम्हाला जो भाव सांगितला तो बहुधा आम्ही लवकर जावं म्हणूनच.

सामान सगळं जुन्या बाजारातलं किंवा कुणाकुणाच्या माळ्यावरचं. ट्रकचे टायर, केबल गुंडाळायची लाकडी चाकं, गिरणीच्या पट्ट्याचं जाड रबर, काथ्याचे दोर. सिस्टर प्रत्येक टायरला खालून भोकं पाडून घेत, नाहीतर पाणी साचून डास होतात. झोक्याला लाकडी फळी चालणार नाही, कारण मागून धावत येणाऱ्या मुलाच्या दातांवर ती बसते. म्हणून रबराचा पट्टा. प्रत्येक नट-बोल्टवर त्या जुनी ओढणी ओढून बघायच्या. धागा अडकला की तो बोल्ट आत घालायचा. घसरगुंडीचा पत्रा पश्चिमेला तोंड करून बसवावा, म्हणजे संध्याकाळी बघायला छान दिसेल, असं मी सुचवलं. त्यांनी वाद घातला नाही. मला रविवारी भर दुपारी खाली बोलावलं आणि त्या पत्र्यावर बसायला सांगितलं. माझ्या विजारीच्या बुडाला त्या दिवशी जी चकाकी आली ती कुठल्याही साबणाने गेली नाही. घसरगुंडीचं तोंड उत्तरेकडे फिरलं.

पण त्यांचा सगळ्यात छळवाद म्हणजे रांगणं. बाग मुलाच्या डोळ्यांनी बघायची तर मुलाच्या उंचीवरून बघा, असं म्हणून त्यांनी सबंध कमिटीला गुडघ्यांवर आणलं. आमचे अध्यक्ष कुलथेसाहेब बँकेतून निवृत्त झालेले, इस्त्रीच्या विजारीशिवाय गॅलरीतही न येणारे. ते रांगता रांगता मला म्हणाले, "परांजपे, नोकरीत मी पुष्कळांपुढे वाकलो. पण इतका नाही." आणि एवढं म्हणेपर्यंत त्यांच्या टकलात घसरगुंडीच्या खालच्या पट्टीचा खिळा लागला. "बघा," सिस्टर आनंदाने ओरडल्या, "उभं राहून दिसला असता का?"

याच काळातली एक गोष्ट माझी बायको मृणाल आजही आलेल्या प्रत्येक पाहुण्याला सांगते, म्हणून मीच सांगून टाकतो. घसरगुंडीच्या शिडीला दोन दांड्यांमध्ये अशीच मधली फट राहिली होती. नारळ गेला, शहाळं अडकलं. सिस्टर म्हणाल्या, शिडी बदला. मी म्हणालो, हा अतिरेक आहे. डोकं शहाळ्यासारखं चारी बाजूंनी गोल नसतं, ते वळवता येतं. आणि हे पटवून देण्यासाठी मी माझं डोकं त्या फटीत घातलं. ते गेलं. मी विजयाने हसलो. मग ते बाहेर काढायला गेलो, तर कान आडवे आले.

मी आधी शांतपणे प्रयत्न केला, मग जोरात, मग "मृणाल" अशी हाक मारली. लोक जमले. सिस्टरांनी मला लगेच सोडवलं असेल असं कुणाला वाटत असेल, तर त्याला सिस्टर कळलेल्या नाहीत. त्यांनी आधी जमलेल्या सगळ्या आयांना जवळ बोलावलं आणि माझ्या मानेवर बोट ठेवून पूर्ण व्याख्यान दिलं. "हे बघा, डोकं आत जाताना कान मागे दुमडतात. येताना उघडतात. आता समजा याचे पाय जमिनीला टेकत नाहीत..." माझी मुलगी ईशा समोर बसून अत्यंत लक्ष देऊन बघत होती. ती तेव्हा पहिलीत होती. बापाकडे तिने त्याआधी इतकं लक्ष दिलेलं नव्हतं.

सगळं सांगून झाल्यावर सिस्टरांनी माझी हनुवटी छातीला लावली, डोकं एका बाजूला फिरवलं, एक खांदा दाबला आणि मी सुटलो. "नोकरीच्या सुरुवातीला बाळंतपणाच्या वॉर्डात होते," त्या पदराला हात पुसत म्हणाल्या, "तिथलंच आठवलं."

गर्दीतून कुलथेसाहेबांनी विचारलं, "वजन किती भरलं?"

शिडी बदलली.

बाग तयार झाली. उद्घाटनाला कुलथेसाहेबांनी छोटंसं भाषण केलं आणि इकडे तिकडे बघितलं. घसरगुंडीच्या पायरीवर सिस्टरांचा नारळ ठेवलेला होता. साहेबांनी तो उचलला, डोळे मिटले आणि समोरच्या दगडावर फोडायला हात वर नेला. सिस्टर तीरासारख्या धावल्या. "अहो ठेवा, ठेवा! मुलाचं माप आहे ते!" साहेब हात वर धरूनच थिजले. सिस्टरांनी नारळ काढून घेतला, पदराने पुसला. "आमच्याकडे नाही फोडत. आणि तुमच्याकडे फोडत असतील तर दुसरा आणा. हा अजून झोक्याला लावून बघायचाय." शेवटी वाण्याकडून दुसरा आणला. त्याचं खोबरं वाटताना सगळ्यात मोठा तुकडा सिस्टरांनीच घेतला.

आता मी जे सांगतो त्यात निम्मा वाटा माझा आहे. सिस्टरांना मोडलेली हाडं माहीत होती आणि मला चुका शोधायची खोड होती. आम्ही दोघांनी मिळून त्या बागेतून जे जे काही पडण्यासारखं, आपटण्यासारखं, घाबरण्यासारखं होतं ते सगळं काढून टाकलं होतं. घसरगुंडी इतकी बुटकी की बसलं की पोचलंच. तोल सांभाळायची फळी जमिनीला टेकलेली. टायर अर्धे पुरलेले. बागेत एकही अपघात झाला नाही, हे मी ऑफिसात सगळ्यांना सांगत असे. मुलं पहिले काही दिवस आली, मग कमी झाली, मग येईनाशीच झाली. वाळूच्या हौदात फक्त मांजरं येत, आणि ती वाळूचा उपयोग आपल्या पद्धतीने करत. बागेत मूलच नव्हतं, तर अपघात व्हायचा कुणाला, हे माझ्यासारख्या तपासनिसाच्या लक्षात यायला फार वेळ लागला.

सिस्टरांच्या लक्षात आलं. एका रविवारी सकाळी त्यांनी माझं दार वाजवलं. "इंजिनिअर, पोट्टे कुठे आहेत?"

शेजारच्या जागेवर एका कंपनीची मोठी इमारत उठायची होती. पायासाठी खोल खड्डा खणलेला, भोवती पत्र्याचं कुंपण. त्या कुंपणाचा एक पत्रा खालून उचकटलेला होता. सिस्टर आडव्या होऊन त्यातून पलीकडे गेल्या. मीही गेलो. डोकं या वेळी जपून नेलं.

आमच्या सोसायटीतली सगळी मुलं तिथे होती. खडीच्या ढिगावर चढून ती खाली उड्या मारत होती, आणि जिथे उडी पडत होती तिथून हात-दोन हातांवर खड्ड्याची कड होती. खड्ड्यात हिरवं पाणी साचलेलं. माझी ईशा ढिगाच्या टोकावर उभी होती. मी ओरडायला तोंड उघडलं, तर सिस्टरांनी माझ्या तोंडावर हात ठेवला, आणि मग अगदी साध्या आवाजात, वॉर्डात औषधाची वेळ सांगावी तशा, त्या म्हणाल्या, "सगळ्यांनी आहे तिथे खाली बसा. बसल्या बसल्या माझ्याकडे सरकत या." मुलं बसली, सरकत आली. शेवटचं मूल पत्र्यातून अलीकडे येईपर्यंत त्या जागच्या हलल्या नाहीत. मग आमच्या बागेतल्या त्या बुटक्या घसरगुंडीवर जाऊन बसल्या. त्यांना घाम फुटला होता.

मी कंपनीला, ठेकेदाराला, महापालिकेला, सगळ्यांनाच शिव्या द्यायला सुरुवात केली. त्या मधेच म्हणाल्या, "त्यांचे चेहरे पाहिले का तुम्ही? ढिगावरचे?"

"हो. काळे झाले होते धुळीने."

"इथं एकाचा तरी असा चेहरा पाहिला का आजवर?" त्यांनी पदराने कपाळ पुसलं. "चुकलं माझं. मी पोट्ट्यांसाठी नाही केली बाग. वॉर्डातल्या माझ्या भीतीसाठी केली."

ठेकेदाराने पत्रा ठोकून दिला. मुलांनी दुसरा उचकटला. तो ठोकला, तर तिसरा. सिस्टर दुपारची झोप सोडून कुंपणापाशी खुर्ची टाकून बसू लागल्या. पण एक म्हातारी बाई सबंध कुंपण राखू शकत नव्हती. त्या खड्ड्यात एखादं मूल जायच्या आत मुलं परत बागेत आली पाहिजेत, एवढंच त्यांच्या डोक्यात होतं. जेवताना घास हातात धरून बसतात, असं अमोल म्हणाला.

आणि मग ज्या बाईने मला बुटक्या स्टुलावरही चढू दिलं नसतं, तिने मचाण बांधायला काढलं. "भीती वाटली पाहिजे, पण हाड मोडता कामा नये," हा आता त्यांचा मंत्र झाला. मातीचा एक मोठा उंचवटा केला आणि घसरगुंडी लांबवून त्याच्या उतारावर टेकवली. उंची भरपूर, पण कडेने पडलं तरी मातीवरच. त्याच्या शेजारी लाकडी मचाण, त्याला वर चढायला दोराचं जाळं, आणि खाली वाळूचा भरपूर थर. त्या थरावर मचाणावरून नारळ टाकून बघायचा. फुटला तर वाळू कमी. त्या पंधरवड्यात आमच्या सगळ्या घरांत ओल्या नारळाच्या वड्या, चटण्या आणि सोलकढी चालू होती. कुलथेसाहेबांना कोलेस्टेरॉल निघालं. शेवटी एकदाचा नारळ धप्प करून वाळूत रुतला आणि फुटला नाही, तेव्हा आम्ही सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. सिस्टरांनी मलाही वरून उडी मारायला सांगितली. मी म्हणालो, नारळ पुरेसा आहे.

मुलं आली. सगळी आली. वर चढून किंचाळायची, खाली बघून गप्प व्हायची, मग पुन्हा चढायची. कुंपणाचे पत्रे जागच्या जागी राहू लागले. सिस्टरांनी खुर्ची कुंपणापासून उचलली आणि मचाणाखाली आणून ठेवली. त्यांचा हात सतत पुढे असायचा, वरून पडणारा आंबा झेलावा तसा.

तरीही ईशा पडली.

जाळ्यावर अर्ध्या उंचीवर असताना तिने मृणालला हात करायला एक हात सोडला, आणि दुसरा सुटला. वाळूवरच पडली, पण मनगट अंगाखाली आलं. मी जागच्या जागी उभा राहून "पाणी आणा, पाणी आणा" असं ओरडत होतो. पाणी कशासाठी ते मला अजून माहीत नाही. सिस्टरांनी तिचा हात नुसत्या नजरेने पाहिला. वर्तमानपत्राची नोकऱ्यांची पुरवणी तेव्हा खूप जाड यायची. ती माझ्या काखेतून ओढून घेऊन त्यांनी तिच्या हाताला गुंडाळली, आणि बोल्ट तपासायच्या त्या जुन्या ओढणीने हात गळ्यात बांधला. "बारीक तडा आहे. नीट जुळेल." आवाज शांत होता. पण इस्पितळात प्लास्टर घालताना त्या खोलीत आल्या नाहीत, बाहेर बाकावर बसून राहिल्या. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच प्लास्टरच्या खोलीबाहेर बसले, असं त्या मृणालला म्हणाल्या.

सभा भरली. काही आयांनी मचाण पाडायची मागणी केली. त्यांचं चुकत नव्हतं. सिस्टर उठल्या, आणि बाजू मांडायच्या ऐवजी म्हणाल्या, "पाडा. माझ्या बागेत पोरीचा हात मोडला. मला तोंड नाही." मी त्यांना असं बोलताना कधी ऐकलं नव्हतं आणि मला ते सहन झालं नाही. मी उभा राहिलो. या वेळी खुर्चीला हात न लावता. काहीतरी जोरदार बोलायचं होतं, पण मृणालच आधी बोलली. "पडली ती आमची मुलगी. मचाण पाडलं तर ती आणि तुमचीही मुलं परत त्या खड्ड्यावर जातील. मला तिचं मनगट परवडलं." हे म्हणताना ती रडत होती, आणि मी बसलो.

कुलथेसाहेबांनी बराच वेळ चष्मा पुसला. "पेशंटचं मत घेतलेलं दिसत नाही कोणी," ते म्हणाले.

सिस्टरांनी ते उचललं. प्लास्टर निघेपर्यंत थांबायचं. हात बरा झाल्यावर डॉक्टर हो म्हणाले की ईशाला बागेत सोडायची. ती आपणहून त्या जाळ्यावर चढली तर मचाण राहील. नाही चढली तर त्याच दिवशी उतरवायचं. "आणि तिला कोणी चढ म्हणायचं नाही. इंजिनिअर, तुम्हाला सांगून राहिले. डोळ्यांनीही म्हणायचं नाही."

मधल्या काळात अमोलला अमेरिकेला जायचं ठरलं. सिस्टर नाही म्हणाल्या. तिथे पोट्टं पडलं की डॉक्टरच्या आधी वकील येतो असं त्यांनी ऐकलं होतं. त्या नागपूरला धाकट्या बहिणीकडे जाणार होत्या. डॉक्टरांनी ईशाला मोकळीक दिली ती नेमकी त्या निघायच्या आदल्या दिवशी. म्हणून दुसऱ्या दिवशी संध्याकाळी सिस्टरांचं सामान लादलेली रिक्षा फाटकात उभी होती, अमोल तिच्यात बसला होता, आणि सगळी सोसायटी बागेच्या कडेला काहीच बघत नसल्यासारखी उभी होती. कुलथेसाहेब झाडाला पाणी घालत होते. त्या झाडाला आयुष्यात तेवढं पाणी मिळालं नसेल.

ईशा बागेत आली. टायरवर बसली. वाळूत घर केलं, मोडलं. घसरगुंडीवरून एकदा आली. मचाणाकडे पाठ करून झोक्यावर बसली. मी 'बाळा' असं म्हणायला तोंड उघडलं, तर मृणालने माझ्या पायावर पाय दिला. रिक्षावाल्याने हॉर्न वाजवला. ईशा झोक्यावरून उतरली, माझ्याकडे आली, पाणी प्यायली, आणि मला वाटलं, संपलं.

मग ती जाळ्यापाशी गेली आणि बरा झालेला हात आधी दोरावर ठेवून बघितला. चढू लागली. जिथून पडली होती तिथे आली आणि थांबली. खाली बघितलं. सिस्टर बरोबर तिच्या खाली उभ्या होत्या, निघायची नवी लाल साडी नेसून. "पडले तर?" ईशाने विचारलं.

"पडशील तर पडशील. वाळू आहे," सिस्टर म्हणाल्या. चेहरा अगदी साधा होता. पण मी त्यांच्या मागे उभा होतो म्हणून मला दिसलं. त्यांनी दोन्ही हात पाठीमागे बांधले होते. एका हाताने दुसऱ्याचं मनगट आवळून धरलं होतं, बोटं पांढरी पडली होती, आणि तरी तो हात पुढे जायला धडपडत होता.

ईशाने वरचा दोर धरला. एक पाय, मग दुसरा. ती मचाणावर पोचली, उभी राहिली आणि इतक्या जोरात किंचाळली की फाटकातला वॉचमन धावत आला. माझे डोळे भरून आले. मी काही केल्या ते लपवू शकलो नाही आणि कुणी थट्टाही केली नाही. कुलथेसाहेब पाण्याची नळी हातात धरून स्वतःचेच बूट भिजवत होते.

"आई, चल, गाडी चुकेल," अमोल रिक्षातून ओरडला. "चढली ना ती!"

सिस्टरांनी मान वळवली नाही, हातही सोडले नाहीत. "थांब जरा," त्या वर बघत म्हणाल्या, "उतरायची आहे ती अजून."